आपल्या पोरीची परीक्षा

(निरगुडसर. सुंदराबाईंच्या ओट्यावर सतरंजी टाकली आहे. बहिणीची मुलगी सुप्रिया पुण्याहून आली आहे. द्राक्षं पॅक करायच्या शेडात सुंदराबाईंच्या शेजारी उभी राहून काम करणारी अंजना, कुणी बोलावलेलं नसताना, येऊन बसली आहे.)

सुप्रिया: हात अजून वर कर, मावशी.

सुंदरा: एवढाच जातोय. त्याच्या म्होरं नेला की जीव जातो.

सुप्रिया: कानापर्यंतसुद्धा नाही?

अंजना: कानापातुर गेला असता तर तुला पुण्यास्नं कशाला बोलावलं असतं?

सुप्रिया: अंजनाताई, मी मावशीशी बोलतेय. मावशी, मंचरला माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, खांद्याचे व्यायाम शिकवतात. मी आजच अपॉइंटमेंट घेते.

सुंदरा: डाक्टर राहू दे. तुला म्या येगळ्याच कामाला बोलावलंय. सोमवारी शेड चालू व्हतंय, आन् दादाभाऊनं मला येऊ नको म्हणून सांगितलं.

सुप्रिया: दादाभाऊ म्हणजे तो सुपरवायझर ना? असं कसं सांगतो? इतकी वर्षं काम केलंस तू तिथं.

सुंदरा: तुझाच हवाला दिला त्यानं.

सुप्रिया: माझा?

सुंदरा: म्हणला, "गेल्या हंगामात तपासणीला पुण्याची मॅडम आली व्हती. टेबलं मोजली, क्रेट मोजले, बायकांस्नी इचारलं. इथल्या कामानं कुणाला इजा व्हत न्हाई असं लिहून दिलंय तिनं. मंग तुमचा खांदा घरीच कुठंतरी गेला असंल. त्याला मी काय करू?"

सुप्रिया: मी असं लिहिलेलंच नाही. धोका कमी आहे, असं लिहिलंय.

अंजना: आमच्या खांद्याला त्यातला फरक कळंना, बाई.

सुप्रिया: हे बघा, मी जे पाहिलं तेच लिहिलं. तुम्ही दोघी-दोघी मिळून एक क्रेट उचलत होता. क्रेटची थप्पी छातीपर्यंतच लावत होता. मध्येच बसून पाणी पीत होता. एकेकीला बाजूला घेऊन विचारलं मी, पाठ दुखते का, मान दुखते का. एक तरी बोलली?

अंजना: बोलंल कशी? तुझ्या मावशीनं आदल्या दिवशी समद्यांस्नी दम भरला व्हता.

सुप्रिया: कसला दम?

सुंदरा: दम कसला गं, हात जोडले. तुझ्या आईचा फोन आला व्हता. सुप्रियाचं एकटीचं पहिलंच काम हाय, ते बी तुझ्याच शेडात, म्हणली. मला वाटलं तुझी परीक्षाच हाय. आमच्या शाळंत साहेब यायचं तवा आमी हाताची घडी घालून गप बसायचो, गुरुजींवर बालंट नको म्हणून. तसंच. मी बायकांना म्हणलं, आपली पोरगी येणार हाय, तिच्या म्होरं कुणी कण्हायचं न्हाई.

अंजना: कुशाबाईला तर हिनं त्या दिवशी घरीच बसवली. कंबर धरलीय तिची, वाकून चालती. पोरीच्या नजरंला पडाया नको म्हणून बिचारीचा खाडा पाडला.

सुप्रिया: अगं मावशी, काय केलंत तुम्ही हे! परीक्षा माझी नव्हती, शेडची होती. बाहेरच्या देशात माल घेणारे विचारतात, काम करणाऱ्यांना त्रास तर होत नाही ना. टेबलं खाली घ्या, थप्पी एवढी उंच लावू नका, हे मालकाला सांगायलाच तर मला पाठवलं होतं!

सुंदरा: ते आता कळतंय. तवा मालक हात मागं बांधून तुझ्या पाठीशी उभा, दादाभाऊ मोबाइलमधी तुझं शूटिंग काढतोय. मला काय वाटणार, तूच सांग.

अंजना: तुझी गाडी फाटकाबाहेर गेली न गेली तोवर थप्पी परत डोस्क्याच्या वर. उक्तं काम हाय, दोघींनी एक क्रेट उचलायला परवडतंय कुणाला? टेबलं तर कुण्या उंच गड्याच्या मापाची. दिवसभर कोपर उचलून कात्री चालवायची, आन् वर ते क्रेट. हिचा खांदा त्याच आठवड्यात थप्पी लावताना कट्कन वाजला. मी शेजारी व्हते, मला आवाज आला.

सुंदरा: म्हणून म्हणते, उद्या चल माझ्यासंगं. मालकाला सांग, त्या दिवशी बायकांनी चांगलं करून दावलं. पुन्यांदा बघते म्हणावं. तुझं ऐकंल तो.

सुप्रिया: इतकं सोपं नाही ते.

सुंदरा: अवघड काय हाय त्यात? चूक आमची. आमचं नाव घे.

सुप्रिया: ते पहिलं विचारतील, तुम्हाला हे कुणी सांगितलं? काय सांगू, मावशीनं?

अंजना: सांग की. लाज वाटती?

सुप्रिया: लाजेचा प्रश्न नाही. नात्यातलं माणूस जिथं कामाला असतं तिथं आम्ही तपासणीला जायचं नसतं. मी ऑफिसात बोललेच नव्हते. बोलले असते तर दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं.

अंजना: आस्सं! म्हणून व्हय सख्ख्या मावशीला भर शेडात इचारलंस, "तुमचं नाव काय, ताई?"

सुंदरा: अंजे, गप.

अंजना: का म्हणून गप? तवा हसू आलं व्हतं मला. आता राग येतोय. सुंदरे, तुझा खांदा काय थप्पी लावतानाच धरला व्हय? आधीपास्नंच दुखत व्हता. तपासणीच्या आधी शिनोलीच्या लग्नात तुझा अंबाडा कुणी घातला? हात मागं जाईना म्हणून ह्या सुप्रियानंच घातला ना? तूच तर मला कौतुकानं सांगितलंस. मंग हिला ठावं नव्हतं?

सुप्रिया: होतं. माहीत होतं मला.

सुंदरा: मला वाटलं, कामाच्या गडबडीत इसरली असशील.

सुप्रिया: विसरले नव्हते गं. तू "काही दुखत नाही" म्हणालीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दुखतंय म्हणाली असतीस तर मला लिहावं लागलं असतं. मालक चिडला असता, ऑफिसात तक्रार गेली असती, आणि माझं ते पहिलंच काम.

अंजना: घ्या. हिनं तुला सांभाळलं, तू मालकाला सांभाळलंस. आमचे खांदे तेवढे बेवारशी.

सुंदरा: ते जाऊ दे. उद्या येतीस का न्हाई, एवढं सांग.

सुप्रिया: मावशी, कळलं तर मला काढतील. परत कुणी असलं काम देणार नाही. तुझ्या दवाखान्याचं सगळं मी बघते. बसून करायचं दुसरं काही काम मिळतं का तेही बघते.

सुंदरा: मला दुसरीकडं नगं. माझ्या बाया तिथं हाईत.

सुप्रिया: मग नाही जमणार. माफ कर.

सुंदरा: बरं.

सुप्रिया: रागावलीस?

सुंदरा: रागावले. लई रागावले, तोंडावर सांगते. आन् राग खांद्याचा न्हाई. तू मला ताई म्हणलीस तवा मी मनात म्हणलं, केवढी हुशार झाली, कशी हापिसातल्या बाईवानी बोलती. छाती फुगली व्हती माझी. त्याचा राग येतोय मला.

सुप्रिया: असं नको ना बोलूस. ऐक, या हंगामात परत तपासणी आहे. बहुतेक मीच येईन. या वेळी कुणी काही लपवू नका. जिचं जे दुखतंय ते तिनं मोकळेपणानं सांगावं, मी जसंच्या तसं लिहीन. शब्द देते तुला.

अंजना: ये की. आता तर काय अडचणच न्हाई तुला. नात्यातलं माणूस राहिलं न्हाई तिथं.

सुप्रिया: मावशी, तू तरी विश्वास ठेव.

सुंदरा: ठेवते. तू इचारशील, खरं लिहिशील, समदं खरं. पर शेडात तुला धडधाकट बायकाच भेटतील, पोरी. दुखणाऱ्या आमी घरी असू.