भिंतीपल्याडची ओवी

—नाही म्हनलं ना एक डाव! मी नाही गात. अन् तो मशीनचा कर्ना तिकडं फिरवा, कवाचा माह्याकडं आ करून पाहून राह्यला. बसाचं तं बसा, उन्हातून आले तुमी, पानी देते—पन गान्याचं नाव काढू नका. नागपुराहून इथं केनवडले बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आले, कायसाठी? तं बायांच्या ओव्या जमा कराले! कोठी बांधली म्हने तुमच्या साहेबानं, गान्याची कोठी. ज्वारीची कोठी पाह्यली बा मी, तुरीची पाह्यली, गान्याची आताच ऐकून राह्यली. कायले भरून ठेवता? दुष्काळात काढून खासान? गिरन्या आल्या, जाते बंद पडले, आता ओव्या मरतीन, म्हून त्या मेनाच्या नळीत भरून ठेवाच्या—अहो मास्तर, मरनारं मरते. आमची दुभती म्हैस मेली तवा नाही आलं कोनी नळी घेऊन!

अन् भरलं तं कोनाचं भरलं? तुळसाचं! सारं केनवड सोडून तुमाले तुळसा भेटली! माही लहानी जाऊ हाय ती, जगदेवची बायको—जगदेव म्हंजे आमच्या यायचा पाठचा भाऊ—हे काय, या भिंतीच्या पल्याड राह्यते. मागच्या साली तुमी तिच्या वसरीत मशीन मांडलं, अख्खं गाव दारात, पोट्टे झाडावर. मी नाही आली. मी मळ्यात गेली, मेथी उपटत बसली. उपटाची नव्हती, बोटभर होती, तरी उपटली. तवापासून ती बाई जमिनीवर पाय ठेवत नाही. नाही नाही, बोलत नाही आमी, पन दिसते ना! पान्याले जाते तं मान अशी, जशी काही वाशीमच्या कलेक्टराची बायको चालली. आवाज तरी हाय का तिले? आमच्या शेळीले तिच्याहून बरा सूर हाय. अन् ओव्या कोनी शिकवल्या? मी शिकवल्या. लग्न होऊन आली तवा नाक पुसता येत नव्हतं तिले.

खोटं नाही सांगत. आली त्याच साली वांगे तोडाले नेली मी तिले मळ्यात, तं काटा रुतला बोटात. वांग्याचा काटा बरं का, बाभळीचा नाही! तेवढ्यावर रडत बसली, माय आठवली म्हने. दुसऱ्या दिवशी पहाटे दळाले बसलो—दोघी समोरासमोर, एका खुंट्याले दोघींचा हात, एकीनं ओळ म्हनाची, दुसरीनं पुरी कराची, आमच्यात तशीच रीत—तं हिनं रडक्या आवाजात काढली, ‘वांग्याच्या वाफ्यात बाई, काटा रुतला बोटाले.’ अन् झाली चूप. पुढचं सुचेना. मंग मीच लावली पुढची ओळ. अशी लावली, अशी लावली का पोरगी रडता रडता हासली, अन् हासता हासता सूप लवंडलं, सारे दाने वसरीभर. सासू वरडली दोघींवर. तवापासून दळाले बसलो का तीच ओवी पहिली. देवाचं नाव बी तिच्या मांगून. ते जाऊ द्या, कुठं लागली मी हे सांगत.

काहून बोलत नाही इचारता? वाटनी झाली म्हून बोलत नाही. वाटन्या सगळ्यायच्या होतात हो, पन आमच्या या दोघा भावांसारखी कोनाची झाली नसन. एक बैल याले, एक बैल त्याले. विहिरीच्या पान्याची पाळी, एक दिवस यायची, एक दिवस त्यायची. बरोबर हाय ना? पुढं ऐका. शेवटी जातं उरलं. एकच जातं, अन् भाऊ दोन. कोनाले देवाचं? मंग पंच बसले, चार पागोटे, लय शहाने, अन् निकाल देला—वरची तळी शालिकरामले, खालची तळी जगदेवले! हासू नका! खरं सांगून राह्यली. आमचे हे वरची तळी पोटाशी धरून घेऊन आले, जसं काही लढाई जिंकून आले. अक्कल तेवढी वाटनीत कोनाच्याच वाट्याले नाही आली. अर्ध्या जात्यावर काय दळसान, तुमचं डोस्कं? अन् तिथं तुळसा उभी होती. दारातच उभी होती. एक अक्षर बोलली नाही. मी कायले बोलू? मी मोठी. लहानीनं म्हनाले पायजे होतं ना, का बाई, जातं नका फोडू, आपुन दोघी दळत जाऊ. पन तसं म्हनली नाही. पदर दातात धरून उभी राह्यली, अन् दुसऱ्या दिवशी मधात ही भिंत उभी राह्यली. तिनं पाथरवटाकून नवी तळी घडवून घेतली. मी गिरनीतून पीठ आनते. कडू लागते, गरम लागते, घासलेटाचा वास येते, पन खाते.

काय म्हनता? मधात मधात चूप हाय? तुमच्या नळीत? एक ओळ, मंग नुसती जात्याची घरघर, मंग दुसरी ओळ, मंग पुन्हा घरघर—हा हा! मी काय म्हनलं तुमाले! दम लागते तिले. मले नका सांगू, मी रोज पहाटे ऐकते भिंतीतून. ऐकते म्हंजे, आता कानात बोळे घालून झोपू का? एक ओळ म्हनते अन् थांबते. एक म्हनते अन् थांबते. म्हतारी झाली, इसरली, अन् निघाली नागपूरच्या कोठीत जाले! मी इकडं अंथरुनात पडून हासते. साहेब म्हनते नळी बिघडली? मेन खरडून दुसऱ्या कोनाचं भरा म्हनते? खरडा की! कायले ठेवता तसलं फाटकं गानं. अन् तिलेच इचारा ना राह्यलेल्या ओळी, माह्या दारात कायले आले?

इचारल्या? आज सकाळी? मंग? काय म्हनली?

पुन्हा सांगा. ‘त्या ओळी माह्या नाहीत’—बरं—‘त्या मोठ्या बाईच्या हायत’—मोठी बाई म्हंजे मी, मलेच म्हनते ती तसं—मंग? अजून काय म्हनली? ‘मी जागा सोडून देते. मनात आलं का म्हनतीन त्या.’ म्हनतीन म्हनली? अशीच म्हनली, तुमच्या तोंडाशी?

थांबा जरा. बोलू नका.

जागा सोडून देते. दम नाही लागत तिले. इसरली नाही. रोज पहाटे ती माही जागा सोडून राह्यली, अन् मी इकडं दात काढून राह्यली. लय वाईट वाटून राह्यलं मले, मास्तर. लय म्हंजे लय. अन् रागही येऊन राह्यला—ही कोनती तऱ्हा बोलवाची? तोंड नाही देलं देवानं? भिंत हाय, का नरनाळ्याचा किल्ला हाय? दारात याचं, म्हनाचं बाई, चाल. अशी मुकाट वाट पाहत कोन बसते? बावळट. पहिल्यापासून बावळट. वांग्याच्या काट्याले रडनारी.

काय करून राह्यले? मशीन उघडून राह्यले? वा रे वा! आता बुढी नरम पडली, आता भरून घेऊ, असं वाटलं तुमाले? ओळ याद हाय मले, नसाले काय झालं. अशी हाय ती—

नाही. झाका ते. ती ओळ तुमच्या कोठीसाठी नाही. जिच्यासाठी लावली तिलेच ऐकवीन. उद्या पहाटे ती दळाले बसन, म्हनन अन् थांबन. तवा मी या भिंतीजवळ बसली असन. तुमी नका येऊ. कान लावून बसले दिसले तं राखुंडीचं पानी वतीन अंगावर, सांगून ठेवते. अन् तुमच्या साहेबाले सांगा, नळी बिघडली नाही म्हना. खबरदार खरडली तं. आता उठा. तिच्या दारावरून नका जाऊ, मांगच्या वाटेनं जा—मोठी बाई काय बोलली म्हून इचारन ती, अन् तुमी सांगसान. उठा ना जी. जा म्हनलं ना!