दोन बारीक काटे

हॅलो?… हो बिल्यानाताई, झ्द्राव्काच बोलतेय. प्रयोगशाळेत दुसरं कोण असणार?… पडद्यासमोर बसलेय. आपल्या नव्या ऑडिओ इंटरफेसमधून, संगणकात आवाज घेणाऱ्या-सोडणाऱ्या त्या डब्यातून, एकच सूर सोडलाय, म्हणजे पडद्यावर एकच उंच काटा हवा. तो आहे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी सारख्या अंतरावर, एकेक बारीक काटा आहे… नाही गं, शोभेसाठी नाही, दोष आहे तो.

चार्जर? काढला… केबल? बदलली… फ्रीजही बंद केला. आतलं काकडी-दह्याचं ताराटोर कोमट झालं, काटे जागच्या जागी… हो, हो… अगं ऐक ना! आपला जुना इंटरफेस त्याच केबलने, त्याच मोजणीच्या यंत्राला जोडला. स्वच्छ. एकच काटा. म्हणजे खोट माझ्या मोजणीत नाही.

भाऊजींना नाही दिसले? कसं मोजलं त्यांनी?… विचार ना, शेजारीच असतील… डब्यातून निघालेला सूर त्याच डब्यात परत घातला? वा!

…ओरडत नाहीये मी. ताई, डब्याच्या आत सूर सोडणारं आणि टिपणारं घड्याळ एकच. ते डगमगतं म्हणूनच हे बारीक काटे उमटतात; पण दोन्हीकडे सारखंच डगमगलं तर दिसणार कसं? आपलं घड्याळ बरोबर आहे का, हे त्याच घड्याळात बघून ठरवण्यासारखं झालं. माझं यंत्र वेगळ्या घड्याळावर चालतं, म्हणून त्याला दिसतं.

आणि मी आधी तपासलेल्या नमुन्याच्या डब्यात हे नव्हतं… हो, उघडला हा डबा. आतला घड्याळाचा स्फटिक वेगळाच आहे… कोणी बदलला?… स्वस्त मिळाला म्हणून? मला न विचारता?… छान! गाब्रोव्होची कंजूष माणसं हिवाळ्यात ऊब वाचवायला, दार लवकर मिटावं म्हणून मांजराची शेपटी छाटतात म्हणे. मला ती थट्टा वाटायची. आपल्याला जावई तिथलाच मिळाला…

काय? स्पीकरवर आहे?… बरं झालं. नमस्कार, स्पासभाऊजी.

…कोणालाच ऐकू येणार नाही? मग दुकानदाराला तसंच सांगा ना. डब्यावर छापा, ‘बहिऱ्यांसाठी खास’… ताई, तू मध्ये पडू नकोस.

माल न्यायला ट्रक दारात आहे, माहितीये. खिडकीतून दिसतोय. ड्रायव्हर तिसऱ्यांदा टायरला लाथ मारतोय… तपासणीची प्रमाणपत्रं? समोरच आहेत. सही नाही केली… हो, ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या दुकानाची ऑर्डर हातची जाईल. मग कदाचित कारखानाही… मला कळत नाही का? बाबांनी तो आपल्या दोघींच्या नावावर केलाय.

रडू नकोस… अगं, पुन्हा काय मोजू? ईस्टरपासून मी ‘पुन्हा मोजते, पुन्हा मोजते’ म्हणतेय. तुला वाटलं शंका आहे. शंका नव्हती गं… तुझ्या घरात भांडण नको होतं.

…नाही, या खेपेपुरतंही नाही.

ताई… ऐकतेयस ना? भाऊजी, तुम्हीही ऐका. मी सही करणार नाही. ट्रक रिकामा जाऊ दे.