पाठीवरच्या चार पट्ट्या

भोसरीच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी गुडघ्याच्या शेकासाठी बसले होते. तिथं पूर्वी हरभऱ्याचं शेत होतं. त्यातले घाटे मी खाल्लेत. शेजारी चाकणच्या कंपनीच्या गणवेशातली दिपाली आणि तिची सासू सारजाबाई. दिपालीच्या मांडीवर दुखणं कमी करणारं मोबाइलएवढं मशिन, त्याला वायरी आणि चिकट पट्ट्या.

"करंट बसंल की गं!" सारजाबाई म्हणाल्या.

"नुसत्या मुंग्या येतात, आत्या. गोळीनं झोप येते. हे लावून कंपनीत लाइनवर उभं राहता येतं."

"समदे रिपोर्ट तर चांगले हायेत तुजे."

"फायब्रोमायल्जियाचं अंगभर दुखणं रिपोर्टात दिसत नाही. डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले ना?"

"मंग लाव की तुझी तू."

"पाठीवर हात पोचत नाही. तुमचा लेक रात्रपाळीला."

"नोकरी सोड. घरी पडून ऱ्हा."

"सोडणार नाही. तुम्ही नाही लावल्या, तर शेजारच्या सोनलकडं जाईन."

"माझी सून लोकाच्या घरी पाठ उघडी करून बसनार व्हय?"

"बसणार. रोज पहाटे पाचला, शिफ्टच्या आधी."

"लई हट्टी हायेस. फिर तिकडं. हितं दुखतंय?"

"हो."

"आन् हितं?"

"हो."

"हितंबी?"

"तिथं जास्त. जरा हळू, आत्या."

"येवढं दुखत असताना भाकरी थापत हुतीस व्हय गं?"

"मग कोण थापणार होतं?"

आतून फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "दिपालीला पट्ट्या कोण लावणार? त्यांनी शिकायला आत यावं."

"मी," म्हणत सारजाबाई उठल्या. "तू बस गं, मला नीट इचारू दे."