मनगटावरचा व्हॅनिला

पर्वत पाटियाच्या बसथांब्यावर बसची वाट बघणाऱ्या शैलजाच्या मागे दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीने थोरलीच्या मनगटावर सेंट फवारला.

"ताई, वास घे."

"मिरी-लवंग झोंबतेय नाकाला."

"थांब जरा. अंगाच्या उबेनं व्हॅनिला वर येतो."

"दिवसभर डाइंग मिलमध्ये कापड रंगवते, माझ्या अंगाला त्या रंगांचाच वास येणार."

"म्हणून तर आणला. भाऊजींनी तुला त्या वासापायी हॉलमध्ये झोपायला लावलं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"चंचलनं. तुझ्या लेकीला सगळं कळतं, ताई."

बस येईना. थोड्या वेळाने शैलजालाही गोड वास आला.

"आला गं. शिऱ्यासारखा आहे," थोरली मनगट हुंगत म्हणाली.

"बघ, आता भाऊजी आत बोलावतील."

"म्हणूनच पुसते," थोरली म्हणाली आणि मनगट पदराने खसाखसा घासू लागली.