ठेंगणी चौकट

डोंगरकड्याला एसटी वेळेवर आली असती, तर हे तातेरावांच्या कानावर पडलंच नसतं. शेजारी पल्लवी आणि प्रज्ञेश, दोघांपुरती होडी ठरवून धरण फिरून आलेलं जोडपं. प्रज्ञेशच्या कपाळावर टेंगूळ, त्यावर हळदीची बोटं.

“होडीवाला सांगून राहिला होता, खाली घर बुडालंय, चौकट ठेंगणी हाय, मान वाकवा,” पल्लवी म्हणाली.

“मोकळ्या धरणात कसली चौकट? वर नुसतं आभाळ.”

“मग आभाळ लागलं का कपाळाला?”

“ते जाऊ दे. ही हळद कुणी लावली?”

“मी न्हाई. अन् होडीवाल्याचे तर दोन्ही हात वल्ह्यावर होते.”

तातेरावांनी चष्मा पुसला. “बघू दे, लेकरा. किती बोटं उमटलीत?”

“तीन,” पल्लवीनं मोजली. “काहून, काका?”

“आमची चौकट कपाळाला लागली की माय अशीच हळद लावायची. तिची करंगळी कडबा तोडताना गेली होती. धरणासाठी गाव उठलं तवा मी निघालो, ती घरातून हलली न्हाई. चाळीस वर्सं त्या पाण्याकडं फिरकलो न्हाई मी.”

मग पल्लवी हळूच म्हणाली, “काका, तुमची एसटी आली.”

“जाऊ दे तिला. होडी कुठवर असती?”

“पाचपर्यंत. पण तिथं मान वाकवा बरं.”

“न्हाई वाकवायची,” तातेराव म्हणाले.