जास्वंदीची चादर

नाही, कोणी म्हणजे कोणीच विश्वास ठेवला नाही माझ्यावर. आईला काच लागली म्हणून घसा सुकेपर्यंत सांगितलं, पण पाद्रीबाई, आमच्या पाद्रीसाहेबांची बायको, माझ्याकडे अशी बघत होती, जशी काही मी चर्चची दानपेटी काखोटीला मारून निघालेय — तू तुझं पडद्याचं माप घे बाबा, टेप चालू दे, मी बोलते तिकडे लक्ष नको देऊस. हेच ते दार. छतापासून जमिनीपर्यंत नुसती काच, तीन फळ्या, एकीमागे एक सरकतात. माझ्या मुलानं, योसेफोनं, हे घर घेतलं तेव्हा लेइतु — माझी सून — इथे उभी राहून टाळ्या वाजवत होती, ‘अगंबाई, केवढा हा उजेड!’ उजेडाचं काय घेऊन बसलीस म्हटलं, उजेड ब्रिस्बेनात रस्त्यावर फुकट मिळतो, घर असतं ते उजेडापासून लपायला. पण माझं ऐकतो कोण? मी पडले चौथी शिकलेली.

आणि ती तिकडे वेताच्या खुर्चीत बसलीये ना, ती माझी आई. कपाळाकडे बघू नकोस. — बघितलंसच. बघ मग. आता पिवळं पडलंय, आधी काळंनिळं होतं, भुवईवर टाके आहेत. सगळे आधी तिथेच बघतात आणि मग माझ्या हातांकडे बघतात. तूही आत्ता बघितलेस. असू दे, सवय झाली. चर्चमध्ये आता मी मागच्या बाकावर बसते, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. समजतं मला. मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण जाते. नाही गेले तर म्हणतील, बघा, तिनंच केलं.

परवा, गुरुवारी, सरकारकडून एक बाई येणार आहे. इस्पितळानंच कळवलं तिला. घर बघणार, मला प्रश्न विचारणार, आणि म्हातारी इथे राहणं बरं नाही असं वाटलं तर तिला नेणार वृद्धांच्या घरात. तिथे तिच्या भाषेत तिच्याशी भुंकणारं कुत्रंसुद्धा नाही. मरेल ती तिथे. म्हणून तुला बोलावलंय, हौस म्हणून नाही. या दाराला काहीतरी असं लाव की ते तिला दिसलं पाहिजे. बाहेरचं नाही रे, दार दिसलं पाहिजे!

हा काय? जाळीचा, गुंडाळायचा? यातून बाहेरचं दिसतं म्हणतोस — मग मुळीच नको. बाहेरचं दिसलं की ती निघालीच. आणि या उभ्या पट्ट्या? यांना तर ती माडाची पानं समजेल आणि हातानं बाजूला सारत जाईल. हा झिरझिरीत पांढरा तर लेइतुला हवाय, मासिकात बघितलाय तिनं. नवरीच्या डोक्यावर शोभेल तो, ठेव तिकडे. तुला अजून कळलं नाही वाटतं मी काय म्हणतेय. ऐक. सामोआत आम्ही जन्मलो त्या घराला भिंतीच नव्हत्या. खांब होते, वर छप्पर, आणि दोन खांबांच्या मध्ये वारा. पाऊस आला की झाप खाली सोडायचे, झावळ्यांचे विणलेले. झाप खाली असला तर बंद, वर असला तर जा चालत. अख्खा जन्म तिच्या डोळ्यांनी एवढंच धरून ठेवलंय. बाकी सगळं गेलं डोक्यातून — बाबा गेले ते गेलं, विमानानं इथे आली ते गेलं — हे नाही गेलं. तिच्या लेखी या दोन चौकटींच्या मध्ये काही नाहीच. मोकळं आहे.

म्हणून तर चादर होती ना! तिचीच, तांबडी, मोठाल्या जास्वंदीची, वर चिमटे लावून टांगलेली. उठायची, दारापर्यंत जायची, चादरीला हात लावायची आणि म्हणायची, ‘पाऊस आहे होय,’ मग परत येऊन बसायची. कडकडीत ऊन असायचं बाहेर! आम्ही हसायचो. मीही म्हणायचे, हो गं, फार पाऊस आहे, बस. लेइतु मात्र कुरकुरायची, अख्ख्या गल्लीत दाराला चादर आपलीच, लोक म्हणतात आले बेटावरचे. तर मग — काढली. कोणी काढली ते सोड. पाद्रीसाहेब आणि पाद्रीबाई पहिल्यांदाच रविवारी जेवायला यायचे होते या घरात, म्हणून काढली. त्या बाईची नजर तुला माहीत नाही. बशीला टवका असेल तर तो तिच्याकडेच फिरतो. लेइतु? नाही, लेइतु शनिवारी कामावर होती. काच घासायची होती ना, व्हिनेगर आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन बसले होते मी सकाळपासून, इतकी लख्ख केली की एक साळुंकी येऊन आपटली बाहेरून. खाली पडली, अंग झटकलं, उडाली. मी हसले त्या पाखराला. आणि काच घासायची म्हणजे चादर काढावीच लागते, टांगलेली ठेवून कशी घासणार —

हं. बोलले मी.

काढली मीच. घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवली, कोणाला दिसायला नको म्हणून.

रविवारी सगळं झालं होतं. तारोचे कंद उकडले होते, नारळाच्या दुधातली अळूची पानं, डुक्कर, सगळं चटईवर मांडलं होतं. पाहुणे मांडी घालून बसले. मी पाद्रीसाहेबांच्या जेवणावर वारा घालत होते — आमच्यात पाहुण्याच्या पानावर माशी बसली म्हणजे घराचं नाक कापलं. हा बघ, हाच पंखा, विणलेला, दांडा जाड आहे. साहेबांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. वारा घालणारीला कसे मिटता येतील? माझे उघडे होते. तेवढे माझेच. आणि आई उठली. मी बघितलं. दाराकडे निघाली, त्या तिथून, हळूहळू चालत, हात पुढे करून, चादर चाचपडत असल्यासारखी. चादर नव्हती, म्हणजे पाऊस नव्हता. ती जरा हसली, बघ. आणि चांगली झपाझप निघाली.

काय म्हणालास? ओरडले का नाही?

प्रार्थना चालली होती ना.

असं बघू नकोस. तुला नाही कळणार. पाद्री देवाशी बोलत असताना आमच्यात मूलसुद्धा शिंकत नाही. पाहुण्यांसमोर ताठ उभं राहून चालत जायचं नसतं, वाकून, माफी मागत जायचं. आणि त्यांची प्रार्थना मेली संपता संपेना! आजारी लोकांसाठी झाली, न्यूझीलंडातल्या नातेवाइकांसाठी झाली. मी मनात म्हणत होते, आमेन म्हणा, आमेन म्हणा, आता तरी म्हणा. मला वाटलं पोचणार नाही ती. मला वाटलं — काही नाही वाटलं. पाद्रीबाई काय म्हणेल एवढंच वाटलं. शेवटी उठले, धावले, पंखा हातातच राहिला. तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि सगळ्यांनी डोळे उघडले. त्यांना काय दिसलं? आई खाली, रक्त, आणि तिच्यावर मी, हात वर, हातात हा दांडा. तू असतास तर तुला काय वाटलं असतं? खरं सांग. — बघ. काचेवर डागसुद्धा नव्हता रे. डाग पडेल अशी ठेवलीच नव्हती मी.

थांब, हा कुठला? तळातला. बांबूच्या काड्यांचा, विणलेला, वरून खाली सोडायचा. आण इकडे. सरकत्या दाराला चालत नाही? बाहेर जायचं तर दरवेळी अख्खा वर ओढावा लागेल? अरे, तेच तर पाहिजे मला! आई, ए आई, याला हात लाव. लाव ना. — ऐकलंस? काय म्हणाली? ‘पाऊस लागला वाटतं.’ हाच दे. तिन्ही फळ्यांना हाच. लेइतुचं मी बघते.

सहा आठवडे? तयार होऊन यायला सहा आठवडे? आणि बाई परवा येतेय! — राहू दे. तोवर चादर लावते. लावते, त्यात काय, येऊ दे सरकारी बाई, येऊ दे गल्ली बघायला. ते चिमटे दे तिथले.

नाव? कोणाच्या नावानं लिहायचं? ... लिही. आईला वर्ष झालं माझं नाव आठवत नाही. मला ‘ए पोरी’ म्हणते, कधी मावशी समजते. रोज आंघोळ घालताना विचारते मी, सांग गं, मी कोण? नुसती हसते. त्या दिवशी इस्पितळात नर्सनं विचारलं आणि योसेफोनं आमच्या भाषेत सांगितलं तिला, ‘आजी, तुला हे कोणी केलं?’ पाद्रीबाई तिथेच उभी. मी म्हटलं, आता सांगेल, काच. आईनं माझ्याकडे बघितलं, नीट, पूर्वीसारखं, ओळखून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वच्छ माझं नाव घेतलं —

फुआतिनो.