चट्टे कधीपासून

माझं माहेर नामपूरचं, आईसंगं कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची, लग्न झालं तशी नाशिक रोडला आले, हे एका सोसायटीत वॉचमन, मी चार घरच्या पोळ्या करायची, चाललं व्हतं बरं. मंग यांच्या लिव्हरला गाठ निघाली, कॅन्सरची. माणूस कसा, तर दारूचा थेंब नाय, सुपारीचं खांड नाय. डॉक्टर म्हनले ऑपरेशन व्हनार नाय, गोळी देऊ, ती गाठ वाढू देनार नाय, पन अंगावर काय उठलं, ताप आला, तर गोळी थांबवा अन् लगेच फोन करा. नीट बजावलं व्हतं, मी ऐकलं न्हवतं असं नाय.

दुसऱ्या आठवड्यात पाठीवर लाल चट्टे आले. हे म्हनले, आग व्हते गं, डॉक्टरला इचार. मी म्हनले उष्णता हाय. काय सांगू तुम्हाला, मला वाटायचं फोन केला तर गोळी बंद करतील, अन् ती गेली तर आपल्यापाशी दुसरं काय हाय. चार दिवस समोर उभं राहून गिळायला लावली, कडुलिंबाच्या पान्यानं अंग पुसत ऱ्हायले. चौथ्या दिवशी ताप चढला तर मेडिकलमधून तापाची गोळी आणली. पाचव्या दिवशी ओठ फुटले, डोळे चिकटले, सदरा काढाया गेले तर सदऱ्यासंगं कातडी आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी इचारलं, चट्टे कधीपासून. माझ्या तोंडातून निघालं, कालपासून. मंग काल नवीन काय दिलं? तापाची गोळी. तीच बाधली असल, डॉक्टर म्हनले, आता सगळंच बंद, बरं वाटलं की लिव्हरची परत चालू करू. खोटं नाय बोलत, मला लय बरं वाटलं, गोळी वाचली म्हनून. अन् हे खाटेवर, बोलता येईना, यांनी हात वर केला अन् चार बोटं दाखवली. डॉक्टरला नाय कळलं. मला कळलं. अन् मी तो हात धरून खाली चादरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या बदलताना यांचं कन्हनं ऐकवेना, तशी डॉक्टरांमागं धावले, म्हनले, चार दिवस झाले व्हते सायेब, मला ठाऊक व्हतं. ते रागावले नाय. फाइलीवर लाल पेनानं लिहिलं, ही गोळी जन्मात द्यायची नाय. म्हनले, बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर मीच परत दिली असती.

महिन्यानं हे घरी आले. आता दुसरं औषध हाय, सलाईनमधून, गाठ हाय तेवढीच हाय, देवाची किरपा. पाठीवर डाग ऱ्हायलेत, मी तेल लावते. त्या दिवसाचं हे एका शब्दानं बोलले नाय, एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता डॉक्टर काय बी इचारू द्या, मी यांच्याकडं बघते, म्हनते, तुम्हीच सांगा.